पश्चात कोणी नाही

खोटं लिहिलंय तुम्ही. शिक्का मारून, तारीख टाकून, सरळ ओळीत खोटं लिहिलंय, आणि वर ते माझ्याच हातानं दगडात उतरवून घ्यायला निघालात. जनाची नाही, निदान मनाची तरी?

असं तो म्हणाला, पण मनातल्या मनात. तोंडानं म्हणाला, "ठीक आहे." चर्चच्या कार्यालयाच्या खिडकीतून कारकुनानं कागद पुढे सरकवला होता, महिन्याला दोन-चार सरकवायचा तसाच, चहाच्या कपाखालून ओढून काढलेला, कोपऱ्यावर कपाचं ओलं कडं उमटलेला. दफनभूमीतल्या प्रत्येक दगडावर काय कोरायचं ते असं कागदावर येई. कागदावर असेल तेच दगडात, काना जास्त नाही की मात्रा कमी नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम, आणि तीस वर्षांत तो त्यानं एकदाही मोडला नव्हता. या कागदावर सगळ्यात वर त्याच्या आईचं नाव होतं. खाली जन्माचं साल, मृत्यूचं साल. मग 'चर्चच्या धुलाईघरात एकेचाळीस वर्षं सेवा'. मग 'अविवाहित'. आणि शेवटच्या ओळीत, 'पश्चात कोणी नाही'. तो खिडकीपुढे उभा होता, बावन्न वर्षांचा, धडधाकट, दगडाच्या भुकटीनं पांढरे पडलेले बूट घातलेला, आणि कागद म्हणत होता की हा नाहीच.

"अक्षरं जरा मोठी काढा," कारकून म्हणाला. "मजकूर थोडा आहे. दगड उघडा पडायला नको."

शेवटच्या ओळीची इथे एक पद्धत होती, कुणा जुन्या फादरनं घालून दिलेली. प्रत्येक दगडावर शेवटी मागे राहिलेल्याचा उल्लेख हवा. पश्चात पती. पश्चात दोन मुली. प्रश्न मायेचा नव्हता, गवताचा होता. थडग्यावरचं गवत कुणी काढायचं, दगड कलला तर कुणाला बोलावणं धाडायचं, हे कबरी खणणाऱ्या म्हाताऱ्याला वाचून कळावं म्हणून ती ओळ. ज्यांच्या पश्चात कोणी नाही त्यांचं गवत म्हातारा स्वतः काढी, आणि तीस वर्षं भरली की त्यांचा दगड उपटून कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवीत आणि ती जागा नव्या मेलेल्याला देत. भिंतीला असे साठ-सत्तर दगड टेकलेले होते, खांद्याला खांदा लावून, शिक्षा झालेल्या मुलांसारखे तोंडं भिंतीकडे करून. त्यातले काही त्याच्या उस्तादानं कोरलेले होते, तीन-चार त्यानंच. कोरताना कधी हात थरथरला नव्हता. परक्याचं 'कोणी नाही' कोरायला सोपं असतं, अक्षरंही कमी.

त्याला सगळे रेघ्या म्हणत. हे नाव चर्चच्या अनाथगृहात पडलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे दोन रकाने होते, बापाचा आणि आईचा, आणि दोन्हींत त्या वेळच्या फादरनं पट्टी धरून दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. कुण्या मोठ्या मुलानं वही उघडी असताना ते पाहिलं आणि बोंब ठोकली, अरे, याचा बाप रेघ, आई पण रेघ! मुलं हसली, तोही हसला. पाच वर्षांच्या मुलाला हसायला कारण लागत नाही, चारजण हसत असले की झालं. पुढे धंदाही असा मिळाला की ज्यात आधी रेघ, मग सगळं. दगड घासून झाला की पहिल्यांदा खडूच्या सुतानं शिरोरेघ मारायची, पाणसळ लावून सपाट आहे का तपासायची, मग तिला एकेक अक्षर टांगायचं. उस्ताद म्हणे, रेघ चुकली की माणूस चुकला.

दर रविवारी अर्धा तास त्याला भेटायला एक बाई येई. धुलाईघरातली बाई, अनाथगृहाच्या मागच्या अंगणापलीकडे काम करणारी. तिला मावशी म्हणायचं असं शिकवलेलं होतं, म्हणून तो मावशी म्हणे. तिच्या अंगाला खळीचा आणि गरम इस्तरीचा वास असे, बोटांची टोकं पाण्यात राहून पांढरीफटक, सुरकुतलेली. ती फारसं बोलत नसे. त्याची कॉलर नीट करी, बाही उलटून बघे, जणू मुलाला नव्हे, कपड्याला भेटायला आलीय. अनाथगृहात साठ मुलं, साठ चादरी, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आकडा शिवलेला. त्याचा तेवीस. मोठेपणी एकदा इस्तरी करता करता ती हसून म्हणाली होती, "तुझ्या आकड्यापुढे मी एक टाका जास्त घालायचे. आडवा. कुणाच्या लक्षात यायचा नाही. ढिगातून चादर हातात आली की बोट फिरवलं, की कळायचं मला." मग इस्तरी उचलून तिनं तळव्याजवळ धरून आच बघितली आणि म्हणाली, "डोळे मिटून कळायचं."

ती आई आहे हे तो चौदा वर्षांचा असताना कबरी खणणाऱ्यानं सांगितलं. तेव्हा तो म्हातारा नव्हता, पण जीभ तीच होती. "मावशी कसली रे गाढवा? मावशी व्हायला आधी आई तरी असावी लागते ना? तुझी आई कुठंय मग? जा, विचार." तो अंगण ओलांडून पळत गेला. धुलाईघरात वाफ कोंडलेली, ती वेदीवरचं पांढरं कापड इस्तरीखाली घेऊन उभी. त्यानं विचारलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "थांब, कापड जळेल." घडी पूर्ण केली, चारही कोपरे जुळवले, कापड कपाटात ठेवलं, आणि मग म्हणाली, "घरात म्हण. बाहेर नको. बाहेर म्हणालास तर मला इथून काढतील आणि तुला तिथून." तेव्हा त्यांना घर नव्हतं. घरात म्हण म्हणजे कुठे म्हण, हे त्यानं विचारलं नाही.

मग घर झालं, उस्तादाच्या हाताखाली धंदा लागला, लग्न झालं, रेघा मारणारा फादर मेला, त्याच्यानंतरचाही मेला. ती त्याच्याच घरी राहायला आली. आता कुणी कुणाला कुठूनही काढणार नव्हतं. आणि तरी तो घरात आई म्हणे आणि उंबरा ओलांडला की मावशी. जीभ आपोआप कूस बदलायची. बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, दवाखान्याच्या रांगेत, मावशी, सांभाळून, मावशी, पायरी आहे. लोक म्हणत, स्वतःच्या आईला कुणी विचारत नाही आजकाल, हा बघा, मावशीला तळहातावर ठेवतो. आणि तो मान खाली घालून ते कौतुक घेई. कौतुक गोड असतं, फुकटचं तर जास्तच. शेजारी उभी असलेली ती बाई आपल्या पांढऱ्या बोटांनी पदराचं टोक चुरगळत असे.

त्या कागदाच्या दिवशी तो घरी गेला नाही, सरळ चर्चच्या दर्शनी भिंतीपाशी गेला. त्या महिन्यात त्याच्यापुढे दुसरं एक मोठं काम होतं. तिथे भिंतीत माणसापेक्षा उंच काळा दगड बसवला होता आणि त्यावर येशूची नावं कोरायची होती, पदव्यांसकट. रविवारी अनावरण. फादरनी बारा ओळींची यादी करून दिली होती. येशू, ख्रिस्त, मशीहा, इम्मानुएल, दावीदपुत्र, मनुष्याचा पुत्र, देवाचा पुत्र, देवाचा कोकरा, उत्तम मेंढपाळ, शब्द, शांतीचा अधिपती, राजांचा राजा. अकरा झाल्या होत्या. कोरणारा माणूस वाचणाऱ्यापेक्षा सावकाश वाचतो. एकेका अक्षराला पाऊण तास. पाऊण तास एकाच अक्षराशी नाक लावून उभं राहिलं की भक्ती उडून जाते आणि प्रश्न उरतात. शाळा त्याची सातवीपर्यंत, पण रद्दीत सापडलेलं एक जाड पुस्तक त्याच्याकडे होतं, त्या काळाचा इतिहास सांगणारं, पुढची पानं गेलेलं, त्यामुळे कुणी लिहिलं तेही ठाऊक नाही. ते त्यानं इतक्या वेळा वाचलं होतं की पानांना दगडाची भुकटी बसली होती.

येशू हे नाव एकट्याचंच असेल असं त्याला लहानपणी वाटे. पुस्तकातून कळलं, त्या काळी ते गल्लीबोळातलं नाव. कुठल्याही आईनं दारातून हाक मारली की तिघं-चौघं वळून बघणार. म्हणून ओळखीला गाव जोडायचं, नासरेथकर, नाहीतर बापाचं नाव. ख्रिस्त हे आडनाव नव्हे, तेल लावलेला. राजाला गादीवर बसवताना डोक्यावर तेल ओतत, तसा. मशीहा म्हणजेही तेच, फक्त भाषा दुसरी. "फादर, एकाच माणसाला दोनदा तेल लावलंत," तो म्हणाला होता आणि फादर खळखळून हसले होते. हे फादर तरुण होते, चष्मा लावणारे, गोड बोलणारे. त्यांच्यावर रागावताच येत नसे, आणि त्याचाच राग येई. 'देवाचा पुत्र' कोरताना त्याला ठाऊक होतं की हीच पदवी आधी रोमच्या बादशहाच्या नाण्यांवर होती. ज्याच्या शिपायांनी गालीलातली गावं जाळली, रस्त्याच्या कडेनं माणसं खांबांना ठोकली, तोही देवाचा पुत्रच म्हणवून घेई. 'दावीदपुत्र' तर बापाकडून. वंशावळ दोन ठिकाणी दिलीय, दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत, आणि दोन्ही येऊन थांबतात अशा बापापाशी जो बाप नव्हेच. एका ठिकाणी तर सरळ म्हटलंय, लोक समजत होते म्हणून मुलगा. लोक समजत होते! त्यानं छिन्नी खाली ठेवून त्या दिवशी एकट्यानंच हसून घेतलं होतं. एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची यादी, बाप, बापाचा बाप, आणि शेवटी येऊन रेघ.

पण सगळ्यात जास्त त्याचा जीव अडकायचा एका माणसात, ज्याचं नाव कुठेच नाही. वधस्तंभावर येशूच्या डोक्याच्या वर एक पाटी ठोकली होती, तीन भाषांत. हा नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. राजा ही पदवी नव्हती, गुन्ह्याचं कलम होतं. हुकूम रोमच्या सुभेदाराचा. पण सुभेदार काही स्वतः ब्रश घेऊन बसला नसणार. कुणीतरी पाटीवाला असणार. त्यानं फळीला पांढरं फासलं असेल, ते वाळेपर्यंत फुंकर घातली असेल, रेघा आखल्या असतील, तिसऱ्या भाषेतलं एखादं अक्षर नीट येत नाही म्हणून चरफडला असेल. मग पुढारी ओरडत आले, राजा असं लिहू नका, मी राजा आहे असं हा म्हणाला, असं लिहा. सुभेदार म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. पाटीवाल्याला कुणी विचारलं नाही, तुला काय वाटतं बाबा? त्यालाही काही वाटलं नसेल. कागदावर असेल तेच फळीवर. घरी जाऊन हात धुतले असतील.

आणि एक नाव यादीत नव्हतंच. येशू आपल्या गावी परत आला, बोलायला लागला, तेव्हा गावकरी म्हणाले होते, हा तर तो सुतार, मरियेचा मुलगा ना? जिथे माणूस बापाच्या नावानं ओळखला जातो तिथे त्याला आईच्या नावानं हाक मारणं म्हणजे काय, हे रेघ्याला पुस्तकानं समजावायची गरज नव्हती. महिन्यापूर्वी त्यानं फादरना विचारलं होतं, हे का नाही घेतलं? फादर म्हणाले, "ती पदवी नव्हे मिस्त्री. ते हिणवणं होतं."

"मग कोकरू काय मोठा मान आहे का फादर? कापायलाच नेतात."

फादर पुन्हा हसले होते. हसणाऱ्या माणसापुढे काही चालत नाही.

दगडाच्या तळाशी हातभर जागा मोकळी होती. यादी बारा ओळींची, पण त्यानं आखल्या होत्या तेरा. तीस वर्षांत ओळी मोजण्यात चूक झाली नव्हती, ती इथे झाली, तीही भर चर्चच्या तोंडावर. फादरनी विचारलं, खाली एवढं का उरलं? तो म्हणाला, चुकलं. फादर म्हणाले, असू दे, मोकळं बरं दिसतं. तेव्हा आई दवाखान्यात होती, ध्यान थाऱ्यावर नाही म्हणून चुकलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आज तो त्या मोकळ्या पट्टीपुढे उकिडवा बसला, खिशात तो कागद, आणि मोकळी जागा त्याच्याकडे बघत राहिली. 'राजांचा राजा' मधला शेवटचा काना त्यानं संध्याकाळपर्यंत पुरा केला. हात नेहमीसारखा चालला. हाताला काय, हात आई ओळखत नाही.

जेवताना त्यानं कागद बायकोपुढे ठेवला. तिनं वाचला, घडी केली, ताटाशेजारी ठेवला.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? डोळे फुटलेत का त्यांचे? मी काय मेलोय?"

"अहो, त्यांना काय स्वप्न पडतं? लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी चारचौघांत सासूबाई म्हणत आले. बायका विचारायच्या, अगं मावशी सासू कशी झाली? मी म्हणायचे, आमच्याकडे नाती धुवायला टाकलीत, वाळली की सांगते." ती हसली नाही. "आता वाळली बघा."

"तिनंच सांगितलं होतं, बाहेर म्हणू नकोस."

"चौदा वर्षांच्या पोराला सांगितलं होतं. बावन्न वर्षांच्या माणसाला नव्हे."

तो ताटावरून उठला. हात धुताना नळाखाली बोटं धरून राहिला, टोकं पांढरी पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला तो भांडायच्या तयारीनं. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, तुमच्या वहीला आग लागो इथपर्यंत. कारकून शांतपणे म्हणाला, "मजकूर बदलायचाय? नोंदीत जे आहे तेच येतं, मिस्त्री. तुम्हाला मी काय शिकवणार? तुम्हीच आम्हाला शिकवता, कागदावर असेल तेच दगडात."

"नोंदच खोटी आहे."

"दवाखान्यातून आलीय ती." त्यानं फाईल काढली, पान उलटलं, खिडकीवर ठेवलं. "हे बघा. सोबत आलेल्या व्यक्तीचं रुग्णाशी नातं. भाचा. खाली सही. भाचा म्हणजे आमच्या नियमात पश्चात धरत नाहीत. नवरा-बायको, मुलंबाळं, आईबाप, भावंडं, बस. अक्षर तर ओळखाल ना? गावात दुसऱ्या कुणाचं एवढं देखणं आहे?"

देखणं होतं. शिरोरेघ सुतात, 'भ' चा डोळा गोल, 'च' चं पोट नेमकं भरलेलं. त्याचंच.

आणि मग दवाखान्यातली ती दुपार आली, जिला तो पाच आठवडे दाराबाहेर उभी करून होता. लोखंडी खाट, औषधांचा उग्र वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. परिचारिका फळीला लावलेला कागद घेऊन आली, घाईत, एका पायावर. "तुम्ही यांचे कोण?" किती साधा प्रश्न. दिवसातून शंभर जणांना विचारत असेल ती. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. कुणी हसणार नव्हतं, कुणी कुणाला काढणार नव्हतं. मुलगा म्हणायला तीन अक्षरं पुरली असती. तो म्हणाला, "भाचा." विचार करून नव्हे, विचार केला असता तर निदान पाप तरी ठरलं असतं. जीभ वळली, उंबरा ओलांडल्यासारखी. वर त्यानं फळी हातात घेऊन स्वतःच लिहिलं, कारण परिचारिकेचं अक्षर त्याला बघवेना. लिहून मान वर केली तर आई जागी होती. त्याच्याकडेच बघत होती. किती वेळ, कोण जाणे. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "पंखा कमी कर जरा." पंख्याला बटण एकच होतं, चालू नाहीतर बंद. त्यानं बंद केला. ती पुढे दोन दिवस जगली आणि दोन दिवसांत एकदाही तिनं त्याला नावानं हाक मारली नाही, की त्यालाच आता तसं आठवतंय? बोट मात्र चादरीच्या कोपऱ्यावर फिरत होतं, सारखं. दवाखान्याची चादर. तिथे टाका कुठला असणार?

त्या पुस्तकात एक चेला आहे, सगळ्यात धटिंगण, सोडणार नाही म्हणून छाती ठोकणारा. अंगणात शेकोटीपाशी एका मोलकरणीनं विचारलं, तू त्याच्याबरोबरचाच ना? तर म्हणाला, मी नाही ओळखत त्याला. मोलकरीणच होती, सुभेदार नव्हता. माणूस तलवारीपुढे पडत नाही, असल्या साध्या प्रश्नापुढे पडतो. पण त्यालाच खडक म्हटलं, देवळं बांधली त्याच्या नावानं. तो बाहेर जाऊन रडला, एवढं पुरलं. रेघ्याला रडू येत नव्हतं. त्याला राग येत होता, स्वतःचा, आणि त्या रागाच्या खाली जुना, थंड, दगडासारखा दुसरा राग. भाचा मी लिहिलं, खरं. पण मावशी कुणी म्हणायला लावलं? मी बोबडं बोलत होतो तेव्हा माझ्या तोंडात हा शब्द कुणी कोंबला? पट्टी धरून दोन रेघा कुणी मारल्या? बाईच्या पोटचं पोर बाईपासून तीस पावलांवर ठेवून, तिच्याकडून त्याच्या चादरी धुवून घेऊन, तिला त्याची मावशी करणारा माणूस रविवारी कुणाच्या आईची भजनं गात होता?

कबरीपाशी म्हातारा गवत काढत बसला होता, न उगवलेलंच, उगाच माती चाळवत. "तुझ्या आईचं मी बघतो," तो वर न बघता म्हणाला. "मी आहे तोवर. माझ्यानंतरचं मी काय सांगू? तीस वर्षं म्हणजे फार नाही रे रेघ्या. माझी तीस अशी गेली." मग मिस्कील डोळा करून, "भिंतीला मात्र ऊन चांगलं येतं हो. संधिवाताला बरं."

"म्हाताऱ्या, तुला तेव्हा कुणी सांगितलं होतं, ती माझी आई म्हणून?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू अंगणात पडलास की ती धुलाईघरात विव्हळायची. लागायचं तुला, ओरडायची ती. आख्ख्या गावाला ठाऊक होतं. वहीला सोडून."

शनिवारी दुपारभर काळ्या दगडावर ताडपत्री होती. ताडपत्रीच्या आत उकाडा होता आणि तो एकटा. छिन्नीचा आवाज बाहेर जात होता, पण मिस्त्री शेवटचा हात फिरवत असेल, असंच कुणीही म्हणणार. त्यानं खाली बसून आधी पुसट झालेली शिरोरेघ पुन्हा मारली. पाणसळ लावायची गरज पडली नाही. तेरावी ओळ आपली आपण आखून ठेवलेली होती, पाच आठवड्यांपूर्वी, न कळत. कागदाशिवाय कोरलेली त्याची ही पहिली ओळ. या वेळी 'म' चा पाय किंचित वाकडा गेला. तो तसाच ठेवला.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर सगळे भिंतीपुढे जमले. फादरनी ताडपत्रीची दोरी ओढली, टाळ्या पडल्या, आणि ते एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले, प्रत्येकानंतर लोकांची एक ओळ प्रार्थनेची. बारावीपर्यंत आवाज चढत गेला. तेरावीपाशी आला आणि थांबला. लोकांनी आपापलं वाचलं. मरियेचा मुलगा. बाकी नावांएवढीच मोठी अक्षरं, तेवढीच खोल.

"मिस्त्री," फादर हळू म्हणाले, "हे यादीत नव्हतं."

"नव्हतं."

"घासून टाकायला सांगा," मागून कारकून म्हणाला. "उद्याच्या उद्या."

"एक ओळ घासता येत नाही, साहेब. तिथे खळगा पडतो, ऊन तिरपं आलं की दिसतो. घासायचा तर आख्खा दगड खाली घ्यावा लागेल. तेरावी गेली तर बाराही जातील." त्यानं खिशातून कागद काढला, चहाच्या कड्यासकट, आणि फादरच्या हातात दिला. "हा दगड अजून कोरायचाय. परवा बसवायचाय."

फादरनी वाचलं. "तुमच्या मावशींचा."

"मावशी नव्हती." आवाज फाटला. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. बायको कडेला उभी होती. तिनं मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही. "आई. माझी आई होती ती. फादर, दवाखान्यात भाचा मी लिहिलं. ते खोटं माझं. ती बघत होती आणि मी लिहिलं. ते मी कुणाच्या माथी मारत नाही, ते माझ्याबरोबर खड्ड्यात येईल. पण तुमच्या वहीत बावन्न वर्षं दोन रेघा आहेत. त्या मी मारल्या नाहीत. मला तेव्हा हातही धरता येत नव्हता."

"मी नव्हतो तेव्हा," फादर म्हणाले. ते हसत नव्हते. "तो नियम होता, मिस्त्री. त्या काळी..."

"त्या काळी. हो. ह्याच्याही काळी नियमच होता." त्यानं अंगठ्यानं दगड दाखवला. "ह्याला गावानं आईवरून हिणवलं, म्हणून ते नाव तुम्ही वगळलंत. मी तिचं आई हे नाव वगळलं. तुम्ही, मी, वही, सगळ्यांनी मिळून एक बाई धुऊन टाकली, डाग काढावा तशी. आणि तिनं आमच्या चादरी धुतल्या, तुमच्या वेदीची कापडं धुतली, एकावरही सुरकुती राहू दिली नाही."

कुणी खोकलं. म्हातारा फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभा होता, त्यानं टोपी काढली. फादरच्या खिशाला पेन होतं, त्यांचा हात तिथवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं जमिनीकडे.

"कागदावर असेल तेच मी कोरतो," रेघ्या म्हणाला. "म्हणून कागद द्या. शिक्का नको, तुमच्या हातानं लिहा. ही बघा शेवटची ओळ. आणि हा बघा मी, तुमच्यापुढे उभा आहे, तिच्या पोटातून आलेला, तिच्या हातचा टाका घातलेल्या चादरीत झोपलेला. बघताय ना? मग सांगा मला, सगळ्यांसमोर सांगा. 'कोणी नाही' म्हणजे कोण, फादर?"